गडग्यावरची वाटी

"बाई, नाव काहीही ठेवा, पण ही कोशिंबीरच आहे," सुयोग तांडेल म्हणाला.

"कोशिंबिरीत दही असतं, नाहीतर दाण्याचं कूट," अन्वय म्हणाला. "ह्याला साल्सा म्हणतात. पुण्याला आमचे शेजारी करतात."

"शेजारी करतात, म्हणजे तू नाही केलास."

"खाल्लाय ना पण!"

"मी विमान बघितलंय. म्हणून काय मला चालवता येतं?"

मी दोघांना थांबवलं नाही. भांडता भांडता मुलांचे हात चांगले चालतात. तिसरी होती दुर्वा. ती भांडणात नव्हती. मान खाली घालून ती पाडाच्या आंब्याचे तुकडे करत होती. आंबा पुरता पिकलेला नको आणि हिरवाही नको, हे मी सकाळीच सांगितलं होतं. पुरता पिकलेला चिरला की त्याचा रस होतो.

"तुकडा केवढा?" मी विचारलं.

"चवळीएवढा!" दोघे ओरडले. दुर्वाने नुसता एक तुकडा उचलून मला दाखवला.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. वेंगुर्ल्याच्या अलीकडे आमचं गाव. शाळेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती, यजमान त्याआधीच गेले होते, आणि मुलांशिवाय सकाळ जात नव्हती. म्हणून मे महिन्यात दहा ते बारा मी पडवीत मुलांना जमवून विस्तवाशिवाय करायचे पदार्थ शिकवायची. चूल नाही, गॅस नाही, त्यामुळे आया निर्धास्त. त्या वर्षी ही तीनच मुलं होती. सुयोग शेजारचा, अन्वय पुण्याहून आजोळी आलेला, आणि दुर्वा मागच्या पाणंदीच्या टोकाला राहणारी, तिसरी पास होऊन चौथीत जाणारी.

अननस मी विळीवर चिरला, कारण त्याचे डोळे काढणं मुलांच्या बोथट सुऱ्यांना जमत नाही. कांदा मिठाच्या पाण्यात धुऊन घेतला. मिरचीतल्या बिया काढल्या आणि तिघांना नाका-डोळ्यांना हात न लावण्याची ताकीद दिली. कोथिंबीर, लिंबू, आणि मीठ अगदी शेवटी.

"शेवटी का?" अन्वयने विचारलं.

"आधी घातलं की फळं रडायला लागतात," सुयोग म्हणाला.

"पाणी सुटतं," मी म्हटलं. "पण तुझंही बरोबर आहे."

अर्धा तास जाळीखाली मुरू दिलं. मग फणसाच्या तळलेल्या पापडावर घेऊन खाल्लं. अन्वय म्हणाला, शेजाऱ्यांपेक्षा चांगलं झालंय. एक वाटी उरली.

"कावळ्याला ठेवू या," सुयोग म्हणाला.

माझं परसू आणि शेजारच्या नाबरांचं परसू यांच्यामध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा होता. त्याच्यावर मी वाटी ठेवली आणि आम्ही भांडी धुवायला गेलो. वीस मिनिटांनी बाहेर आलो तर वाटी पालथी होती.

मी ती उचलली. आत स्वच्छ घासलेली. बाहेरून ओली, इतकी की थेंब माझ्या मनगटावर ओघळला. मेच्या उन्हात ओलं भांडं सुकायला दोन मिनिटंही लागत नाहीत. वाटीखाली चिऱ्यावर एक लाल जास्वंद होती.

मग सुयोग म्हणाला, "बाई, हा कावळा आमच्या आईकडे पाठवा. भांडी चांगली घासतो."

कुणी हसलं नाही. मी गडग्यापलीकडे पाहिलं. केळीची झाडं, त्यांच्यामागे नाबरांच्या घराचं मागचं दार. दार बंद. शिमग्यानंतर नाबरकाकींचा मुलगा दिगंबर येऊन आईला डोंबिवलीला घेऊन गेला होता आणि पुढच्या दाराला हे मोठं कुलूप लावून गेला होता. पान हलत नव्हतं. वीस मिनिटं अन्न उघडं होतं, तरी गडग्यावर एकही कावळा नव्हता.

"फूल का ठेवलंय?" दुर्वाने विचारलं. सकाळपासूनचं तिचं ते पहिलं वाक्य.

"शेजाऱ्याकडून भांडं आलं की ते रिकामं परत करायचं नाही," मी म्हटलं. "घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. तीही नसली तर फूल."

"म्हणजे शेजारी आहे," दुर्वा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एक वाटी जास्तीची केली. परत आली तेव्हा तिच्याखाली गुळाचा खडा होता, सुपारीएवढा.

"राखणदार," सुयोग कुजबुजला. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो अशी समजूत आहे. रात्री घोंगडी पांघरून तो हद्दीवरून फिरतो आणि वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. "माझ्या आजोबांना दिसला होता. पण तो गूळ देत नाही, बाई. तो घेतो."

"आपण लपून बघू," अन्वय म्हणाला. "मी मोरीच्या खिडकीत बसतो."

"कुणी बसायचं नाही," मी म्हटलं. "देणाऱ्याने घेणाऱ्याकडे बघायचं नसतं. कुणाची भूक बघणं म्हणजे त्याला उघडं करणं. कळलं?"

तिघांनी माना हलवल्या. त्या दिवशीच्या साल्शात आंबा जरा आंबट होता. मी तो गूळ किसून घातला आणि चव सुधारली. सुधारली म्हणजे, कुणीतरी आमचं चाखून त्यात काय कमी आहे ते सांगितलं होतं आणि आम्ही ते ऐकलं होतं. मुलांच्या हे लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

तिसऱ्या दिवशी कोकमाचं सोल आलं. आम्ही लिंबू कमी केलं, सोल भिजवून त्याचं पाणी घातलं. त्याच दिवशी मी मुलांना सुरी कशी धरायची ते पुन्हा समजावत होते, तेव्हा नाबरांच्या बाजूने आवाज आला. ठक्. ठक्. दगडावर काहीतरी फोडल्यासारखा. मी बोलायची थांबले, तसा तो थांबला. मी पुन्हा बोलू लागले. पुन्हा ठक्.

"नारळ पडतायत," मी म्हटलं.

"एकाच जागी?" अन्वय म्हणाला.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, वाटीखाली पाच तिरफळं होती.

माझा हात वाटीवरच राहिला.

"हे तर बांगड्याच्या आमटीत घालतात," सुयोग म्हणाला. "फळात कोण घालतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

"मग टाकून देऊ?"

"नको. दे इकडे."

बिया काढून मी ती तिरफळं ठेचली आणि चिमूटभर पूड उरलेल्या फळांवर टाकली. जिभेला मुंग्या आल्यासारखं झालं आणि आंबा एकदम गोड लागला. मुलं नाचायला लागली. मी पदराला हात पुसून आत गेले आणि पाणी प्यायले. मग आणखी एक भांडं प्यायले.

मुलं गेल्यावर बाराच्या उन्हात मी गडग्यापाशी जाऊन उभी राहिले. कितीतरी वेळ. नाबरांच्या मागच्या खिडकीचं एक झडप दोन बोटं उघडं होतं. आदल्या दिवशी ते बंद होतं का, ते मला आठवेना. त्या फटीत काळोख होता आणि तो काळोख माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं. छपरातून धूर नव्हता. महिनाभरात त्या घरातून धूर आलाच नव्हता. आत जे कोणी होतं, ते विस्तव न पेटवता राहत होतं.

हाक मारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

घरी येऊन मी स्वतःशी एक ठरवलं. आतलं माणूस आपल्या वाटीवर जगतंय, तर वाटी चुकवायची नाही. मोठी वाटी ठेवायची, सोबत भिजवलेले पोहे ठेवायचे. आणि ज्या दिवशी वाटी भरलेलीच राहील, त्या दिवशी आत जायचं. तोवर बघायचं नाही. मला तेव्हा ही युक्ती फार चांगली वाटली.

शुक्रवारी खोबऱ्याचा तुकडा आला. वाटी पालथी, ओली, लख्ख.

शनिवारी वाटी उपडी नव्हती, सुलटी होती. धुतलेली, पण काठाला कोथिंबिरीचं एक पान चिकटून राहिलेलं. आत एक चिंचोका, घासून घासून चकचकीत केलेला.

"राखणदार कंटाळला भांडी घासून," सुयोग म्हणाला. चार-पाच दिवसांत मुलांची भीती गेली होती, गंमत उरली होती. माझं उलटं होत होतं. गूळ संपला, सोलं संपली, खोबरं संपलं, आता चिंचोक्यावर आलंय, असं माझ्या मनात आलं. मी दुसऱ्या दिवशी वाटी शीग लावून भरली.

रविवारी एक शिंपला आला, गुलाबी, आतून ओला.

"समुद्रावर जाऊन आला," अन्वय म्हणाला.

"दीड मैल चालला बिचारा," सुयोग म्हणाला. "पाय दुखले असतील. म्हणून भांडी नीट घासली नाहीत."

शिंपला मी हातात घेऊन बघत राहिले. त्या दिवशी दुर्वाने आपला वाटा खाल्ला नाही. पोट भरलंय म्हणाली.

सोमवारी ती पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि आत आली नाही.

"काय गं?"

"बाई, मी आज अननस चिरणार नाही. जीभ चरचरते."

"बघू."

तिने जीभ बाहेर काढली. लालभडक, कडेने सोलवटलेली, ओठांचे कोपरे फुटलेले. अननस जास्त झाला की असं होतं. वाटीभर खाऊन होत नाही. त्याला दोन-तीन वाट्या लागतात, तेही लागोपाठ.

"काल तर तू खाल्लंच नाहीस," मी म्हटलं.

माझ्या पाठीमागे सुयोग आणि अन्वय आंब्याच्या कोयीवरून भांडत होते. त्यांचा आवाज फार लांबून येतोय असं मला वाटलं.

"दुर्वा. गडग्यावरचं कुणी खाल्लं?"

"मी."

"कधीपासून?"

"परवापासून."

"चिंचोका तू ठेवलास?"

"हो. आणि शिंपला." तिचे डोळे भरले. "माझ्याकडे गूळ नव्हता."

मी तिला खाली बसवलं. तिच्यासमोर मीही बसले. घाई केली की मुलं मिटतात, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी हळू बोलले.

"त्याआधी कोण खात होतं?"

"आजी. नाबर आजी." मग ते सगळं एकदम बाहेर आलं. "गूळ आला त्या दिवशी मी मागच्या पाणंदीने घरी जात होते. तेव्हा ती केळीत दिसली. ती म्हणाली, कुणाला सांगू नको. बाईंना तर मुळीच नको. बाईंना कळलं तर त्या दिगूला फोन करतील आणि तो मला घेऊन जाईल. मग मी रोज दाराशी जायला लागले. ती मला विचारायची, आज कोण काय चुकलं. परवा तिने दार उघडलंच नाही. आतून बोलली. म्हणाली, पडले, पण बरी आहे, उठेन. म्हणाली, वाटी भरलेली दिसली तर बाई आत येतील. तू खा, धुऊन ठेव, आणि रिकामी ठेवू नको."

"ती पडून दोन दिवस झाले?"

"तीन. शुक्रवारी संध्याकाळी पडली. मी तिला पाणी देते, बाई. दाराखाली फट आहे. पपईच्या पानाचा देठ आत घालते आणि बाहेर तांब्यात बुडवते. ती ओढते. चपाती पण सरकवली होती, पण ती म्हणाली, नको."

पपईचा देठ पोकळ असतो. नळी म्हणून तो कसा वापरायचा, हे मीच त्यांना पहिल्या दिवशी कोकमाचं सरबत पिताना दाखवलं होतं.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तुम्ही म्हणाला होता, घेणाऱ्याकडे बघायचं नाही. मी बघितलं." ती हमसून रडायला लागली. "आणि आज ती नीट बोलत नाही."

मी उठले. देवघरात, समईच्या मागे, खिळ्याला नाबरांच्या घराची किल्ली होती. जाताना दिगंबरने ती माझ्या हातात दिली होती. सुयोगला मी वडिलांना बोलवायला पाठवलं, टेम्पो घेऊन ये म्हणून सांग म्हटलं. अन्वयला पडवीतच बसवलं. दुर्वा माझ्या मागून आली. मी तिला परत पाठवलं नाही.

कुलूप सहज उघडलं. आत जाताच सोलांचा, जुन्या कपड्यांचा वास आला, आणि त्याखाली दुसरा एक, आजारी माणसाच्या खोलीत असतो तसा. माजघरात पलंगावर गादी घडी करून ठेवली होती. पंचांगाचं पान शिमग्याच्या महिन्याचं होतं. स्वयंपाकघरात चुलीच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं, अखंड. पाट्यावर नारळाच्या करवंट्या नीट एकात एक घालून ठेवल्या होत्या.

ती मागच्या दाराशी पडली होती, कुशीवर, गाल जमिनीला लावून, तोंड फटीकडे. त्या फटीतून उजेडाची एक रेघ तिच्या ओठांवर आली होती आणि पपईचा देठ तसाच आत आलेला होता. एक पाय भलतीकडे वळला होता. आम्ही तिथून चाळीस पावलांवर तीन दिवस हसत होतो, चिरत होतो, चाखत होतो. ती जिथे पडली होती तिथून सगळं ऐकू येत होतं. आताही, पडवीत अन्वय एकटाच काहीतरी गुणगुणत होता, ते स्पष्ट ऐकू येत होतं. तिने एकदाही हाक मारली नव्हती.

तिने डोळे उघडले.

"इलंस?" ती म्हणाली. आलीस?

"काकी, हलू नका. तांडेल येतायत टेम्पो घेऊन."

"चेडवान सांगल्यान?"

पोरीने सांगितलं का, असं ती विचारत होती. दुर्वा माझ्या पाठीमागे उभी होती. माझं लुगडं तिने मुठीत धरलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "वाटी भरलेली राहिली, म्हणून आले."

काकींनी दुर्वाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या सुकलेल्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. "बरा केलंस," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, मला कळलं नाही. मग तिने माझा हात धरला. बोटं गार होती आणि पकड घट्ट. "दिगूक फोन करू नको."

"करावा लागेल, काकी. खुबा मोडलाय. मुलाला कळवायला नको?"

"इतके दिस खंय केलंस?"

"मला कुठे माहीत होतं, तुम्ही इथे आहात ते."

"तिरफळां बघून तुका कळला नाय," ती म्हणाली, "असा माझ्या तोंडार सांग."

मी वाकून पपईचा देठ तिच्या ओठांपासून बाजूला केला.

दर पाडव्याला, तीस वर्षं, नाबरकाकींकडून मला आंब्याची वाटी येत असे. वर ठेचलेलं तिरफळ. सगळ्या गावात फळात तिरफळ घालणारी ती एकटी बाई. गुरुवारी ती पाच तिरफळं हातात घेतली, त्याच क्षणी मला कळलं होतं. आणि तिनेही ती मला कळावं म्हणूनच ठेवली होती, याबद्दल आता मला शंका नाही. दिगंबरला मी शब्द दिला होता, घराकडे लक्ष ठेवीन, काही वेगळं दिसलं तर लगेच कळवीन. दिसलं तर. म्हणून मी बघितलं नाही. गडग्याशी जाऊन उभी राहिले, फटीतल्या काळोखाकडे पाहिलं, आणि हाक न मारता परत आले.

तांडेल आणि त्याचा भाऊ आले. गादीवर घालून त्यांनी काकींना उचललं. तिने एकदाही कण्हण्याचा आवाज केला नाही. पुढच्या दाराने बाहेर नेताना तिने उंबऱ्याच्या चौकटीला हात लावला आणि धरून ठेवला. तांडेलला थांबावं लागलं. मग मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

टेम्पो निघाल्यावर मी घरी आले आणि डोंबिवलीला फोन लावला. दिगंबर आधी हसलाच. "काहीतरी काय, बाई. आई महिनाभर बांद्याला मावशीकडे आहे. मीच तिला गाडीत बसवून दिलं." मावशीला वाटत होतं ती डोंबिवलीत आहे. ती मात्र बांद्याला न जाता इथेच उतरली होती आणि मागच्या दाराच्या स्वतःकडच्या किल्लीने घरात शिरली होती. मग त्याने विचारलं, "एकटी? काय खात होती?"

मी म्हटलं, "फळं."

तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. वाईट मुलगा नव्हता तो. आईला मुंबईला नेलं, खुब्याचं ऑपरेशन केलं, बाई ठेवली, काही कमी पडू दिलं नाही. काकी पुढे दोन वर्षं जगली. मी चार पत्रं पाठवली. दिगंबरच्या बायकोने लिहिलं की वाचून दाखवतो, ऐकतात, पण काही बोलत नाहीत.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी, फोन ठेवून मी बाहेर आले तेव्हा सुयोग आणि अन्वय घरी गेले होते. चिरलेला आंबा पडवीत तसाच पडला होता, त्यावर चिलटं बसली होती. दुर्वा गडग्याशी उभी होती, पाठ माझ्याकडे करून. डोक्यावर ऊन होतं.

"घरी जा, बाळा. आई वाट बघत असेल."

ती वळली नाही. "आजी खरं बोलली?"

"काय?"

"तुम्हाला माहीत होतं."

पस्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं होतं. मुलांना खोटं सांगायचं नाही, एवढा एकच नियम मी स्वतःला घालून घेतला होता, आणि तासाभरापूर्वी तिच्यादेखत तो मोडला होता.

"हो," मी म्हटलं. "गुरुवारपासून."

"मग तुम्ही का गेला नाहीत?"

"गेले असते, तर तिला बघितलं असतं. बघितलं असतं, तर दिगूकाकाला सांगावं लागलं असतं. मी त्याला शब्द दिला होता. आणि सांगितलं असतं, तर तो तिला घेऊन गेला असता. मला तेही नको होतं."

ती यावर विचार करत राहिली. अवघड गणित घातलं की ती अशीच गप्प व्हायची, ओठ आत ओढून, आणि मी कधी तिला घाई करत नसे. आताही केली नाही.

मग ती माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते.

"म्हणजे तुम्हाला सांगायचं नव्हतं," ती म्हणाली, "म्हणून मला सांगायला लागलं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाले. ती एक पाऊल मागे सरकली, गडग्याला पाठ लागेपर्यंत. मग वळली आणि पाणंदीने घरी गेली.